नऊ कोरे चौकोन

अल खौद, मस्कत
१२ फेब्रुवारी २०१६

प्रिय साबेरा,

सहा वर्षांनी माझं अक्षर बघून तू पाकीट तसंच बाजूला ठेवलंस, तरी माझी तक्रार नाही. उघडलं असशील, तर आधी भिंतीबद्दल सांगते. बाकीचं मला एकदम जमणार नाही.

आमच्या गल्लीच्या टोकाला अठरा मीटर लांब भिंत आहे. गल्लीतल्या रहिवाशांचं एक मंडळ आहे, आणि बीबी नसीबा त्याच्या प्रमुख. त्यांचा जन्म झांझिबारचा. घरात अजून स्वाहिली बोलतात, माझ्याशी दुकानात शिकलेलं हिंदी. आफ्रिकेतून समुद्र ओलांडून आलेल्या माणसांचा इतिहास या भिंतीवर रंगवायचा, हे त्यांच्याच मनात आलं. पहिल्या बैठकीत त्या म्हणाल्या, "कुणी जहाजाचा मालक होऊन आला, कुणी जहाजाच्या तळाशी बांधलेला. पोरांना दोघंही दिसले पाहिजेत." दोघा-तिघांनी आपापल्या कॉफीच्या पेल्यात पाहिलं, पण 'नको' कुणी म्हटलं नाही. नियम एकच ठरला: ज्याचा चेहरा, त्याची किंवा त्याच्या घरच्यांची परवानगी.

मी अल खुवैरच्या एका ऑफिसात पुलांचे आराखडे काढते, म्हणून कागदावरचं चित्र भिंतीएवढं करण्याचं काम माझ्याकडे आलं. तीस सेंटिमीटरचे चारशे ऐंशी चौकोन पाडले. शुक्रवारी दुपारी सगळी गल्ली झोपलेली असते. हवा पाण्यासारखी हलते. जवळून नुसत्या रेषा दिसतात. रस्ता ओलांडून मागे वळलं, की कुणाचा खांदा, कुणाचं कपाळ वर आलेलं असतं. वाटतं, मी काही काढलंच नाही. ही माणसं तिथे होतीच, त्यांना पाण्यातून वर यायला वेळ लागला इतकंच.

चूक रंगात झाली. मी शेडकार्ड बघून सगळ्या चेहऱ्यांसाठी एकच तपकिरी लिहून दिला आणि दोन डबे मागवले. पहिले चार चेहरे रंगले तेव्हा बीबी कमरेवर हात ठेवून हसत सुटल्या. "काय गं इंजिनियर, अल्लाने आम्हाला एकाच डब्यातून काढलं वाटतं? खलास, पुसून टाक!" मग बायका भिंतीपाशी ओळीने उभ्या राहिल्या, बाह्या वर करून. मी एकेकीचा हात हातात घेऊन मनगटावर थेंब टेकवून बघत होते. कुणाच्या रंगात थोडा तांबडा, कुणाच्यात निळ्याचा अगदी बारीक अंश. सोळा वाट्या झाल्या.

सतरावी मी कुणाचा हात समोर नसताना कालवली. कशासाठी कालवते आहे ते मला कळत नव्हतं, पण कुठे थांबायचं ते कळलं. तो तुझा रंग होता, साबेरा.

बीबींना मी मुरूडबद्दल सांगितलं होतं, जंजिऱ्याच्या सिद्दींबद्दल, तुमच्या घराबद्दल. त्या म्हणाल्या, मग तो किनारा आमचाच, शेवटचे तीन मीटर त्याचे. तिथे मी किल्ला काढला आहे, आणि किल्ल्याशेजारचा चेहरा फक्त कागदावर. तो बघून त्यांनी विचारलं, ही तुझी कोण? मी म्हटलं, रंग सुकतो आहे, नंतर सांगते.

आपण दोघी पुण्याला डिप्लोमासाठी गेलो त्या दिवशीही मी असंच काहीतरी म्हटलं होतं. घरमालकीणबाईंनी मला आत बोलावून विचारलं, "ती जिन्यात उभी आहे ती काळी मुलगी तुझ्याबरोबरची का?" मी म्हटलं, नाही, स्टँडवर भेटली. खोली मिळाली. दार उघडंच होतं. तू खाली उभी होतीस आणि माझी वळकटीही तुझ्याच हातात होती. तू ती पायरीवर नीट ठेवलीस आणि गेलीस. संध्याकाळच्या गाडीने तू मुरूडला परतलीस, डिप्लोमा राहिला, हे मला पुढे आठ दिवसांनी कळलं. मी त्या खोलीत तीन वर्षं राहिले. भाडं कमी होतं, कॉलेज जवळ होतं, अशी कारणं मी स्वतःला देत होते. त्यातलं एकही खोटं नव्हतं, आणि एकही पुरेसं नव्हतं.

माफी मागण्यासाठी हे लिहीत नाही. ती मागायला मी समोर यायला हवं, आणि तू ये म्हटल्याशिवाय येणार नाही. लिहिते आहे ते परवानगीसाठी. भिंतीवर नऊ चौकोन कोरे आहेत, रंगाचं प्रमाण वहीत लिहून ठेवलं आहे, आणि एक एप्रिलला भिंत सगळ्यांना दाखवायची आहे. नको असेल तर नुसतं 'नको' लिही, मी तिथे समुद्र रंगवीन. भिंतीत खोट दिसणार नाही. हो म्हणालीस, तर इथल्या पद्धतीप्रमाणे चेहऱ्याखाली नाव लिहितात, आणि नावाखाली ती कुणाची कोण ते. तुझं नाव मी लिहीन. त्याखालची ओळ तू सांगशील तीच लिहीन, आणि कोरी ठेव म्हणालीस तर कोरी ठेवीन.

तुझीच, असं लिहायचा हक्क अजून उरला असेल तर,
उर्वी