मागाला पायडल

३ फेब्रुवारी, सोमवार
यंत्रमागाचं हँडल ओढता आलं न्हाय! उजव्या हाताला आता अंगठा आन् करंगळीच. बाकीची तीन बोटं गेली चाकात. मालक म्हणाले, "करिष्मा, एकटीनं माग सुरू करून दाखव, मग ये कामाला. शनिवारपर्यंत बघतो."
तरी मी हसतच घरी! कारण गाठ जमली— तुटल्या धाग्याची गाठ, डाव्या हातानं!! घरी येऊन टॉवेलाच्या सगळ्या दशांना गाठी मारून ठेवल्या. आई लई चिडली.

५ फेब्रुवारी
शाल्मली मॅडम फिटरला घेऊनच आल्या. मॅडम संस्थेतल्या. कामात हातपाय गेलेल्यांना परत कामाला लावतात. बोटांचे व्यायाम मला त्यांनीच शिकवले. आज हँडलाला तार बांधून खाली लोखंडी पायडल लावलं. "पाय दाब, माग सुरू!" खुश एवढ्या, जणू त्यांनाच नोकरी लागली.
आन् मी मागं सरकले. मागाला पाय? लक्ष्मी ती! आम्ही चप्पल बाहेर काढून, हात जोडून जवळ जातो. मॅडमचं तोंड एवढंसं झालं. टिळकवाडीतल्या बंगल्यात राहणाऱ्या माणसाला हे कसं सुचावं!

६ फेब्रुवारी
पाय लावणार न्हाय म्हटलं खरं, पण शनिवार आलाच की! रडू आवरेना. शेजारचे दोन माग चालवणारे यमनाप्पाअण्णा खो खो हसले. "खुळी का काय गं? हातमागावर आमी जन्मभर पायानंच विणलं. तवा लक्ष्मी रुसली व्हय? पाया पड आन् दाब!"
पाया पडले. दाबलं. खटाक्-खट्, खटाक्-खट्! सुरू! अगं बाई, सुरू!! मॅडम नाचल्या, मी नाचले, अण्णांचं आपलं "भले, भले!"

८ फेब्रुवारी, शनिवार
मालकांसमोर धोट्यात सुताची कांडी घातली, गाठ मारली, पायडल दाबलं. एकदाबी चुकलं न्हाय! सोमवारपासून ये म्हणाले. येताना तोंड गोड करायला कुंदा आणला. आई रडली, मी न्हाय. (खोटं. मीबी रडले.)

१० फेब्रुवारी
कामावर!!! जांभळी साडी, मोरपंखी काठ. दोन मागांना पायडल, दोन्ही माझेच. मालक दिवसभर माझ्या पाठीशी उभे. "तुझे दोन्ही हात मोकळेच राहतात की!" केवढं कौतुक. लाजलेच मी.

११ फेब्रुवारी
अण्णांच्या मागांनाबी पायडल लागलं. मालक म्हणाले, "हात मोकळे हायत न्हवं, चारी तूच बघ. यमनाप्पाला उद्यापासून नको म्हटलंय."
अण्णा जाताना एवढंच म्हणाले, "चालव गं पोरी." मालकांना सांगून आले— अण्णा न्हायत तर मीबी न्हाय. मला लई भ्या वाटतंय.