मधला बोल्ट तू विसरलास

प्रिय दादा,

तुझ्या वर्षश्राद्धाला सगळे म्हणाले, भावाबद्दल चार शब्द लिही. मी टाळलं. आज लिहितेय, कारण काल तुझ्या लेकीनं, मधुरानं, मला तुझी एक शिकवण ऐकवली.

तिचा फोन आला होता. "आत्या, पियानोत फ्रेम बसवायचीय. उचलायला बजाजनगरहून दोघं येतेत, पण बघायला घरचं कुणीतरी पाहिजे. तू येती का?" पिशोरहून पहिल्या एसटीनं निघाले. छावणीतल्या आपल्या अण्णांच्या पियानो-दुरुस्तीच्या दुकानात किती वर्षांनी पाय ठेवला मी, ठाऊक आहे का तुला?

पोरगी तयार आहे हं. त्या दोघांना हाताशी घेऊन कप्पीनं ते तारा पेलणारं बिडाचं धूड अलगद खाली घेतलं, दोरा ताणून उंची पाहिली. फ्रेम जरा वर राहिली की तारा खालच्या लाकडावर नीट दाबत नाहीत, आवाज पातळ येतो. फार खाली गेली की गुदमरतो. तिनं दोनदा फ्रेम उचलून खालच्या लाकडी चकत्या घासल्या. मला कौतुक वाटत होतं. मग कडेचे स्क्रू आवळायच्या आधी ती फ्रेमला खालून टेकू देणाऱ्या मधल्या बोल्टांकडे वळली आणि हसत म्हणाली, "हे आधी खाली घ्यायचे. नायतर आत्यासारखी फ्रेम फुटती. पप्पा लई वेळा सांगायचे."

आत्यासारखी?

दादा, ती फ्रेम फुटली त्या दिवशी कडेचे स्क्रू कोण पिळत होतं? मधला बोल्ट वर राहिलाय, थांब, असं मी म्हणाले होते. "तुला काय कळतंय?" म्हणालास. बीड वाकत नाही, तडकतं. तो आवाज ऐकून अण्णा आत आले, तोवर तू पाना माझ्या हातात दिला होतास. "पोरीला पाना दिला, माझंच चुकलं," अण्णा म्हणाले. तू खाली बघत राहिलास.

माझ्यापुरतं दुकान तिथंच संपलं. मग लग्न, पिशोर, शेत. संसार वाईट नाही झाला, पण मला हे काम आवडायचं रे. तुझ्यापेक्षा बरं जमायचंही, आणि ते तुला माहीत होतं.

अण्णांना घाबरलास, ते मी समजून घेतलं. पण अण्णा गेल्यावर? स्वतःच्या लेकीला शिकवताना कुणाची भीती होती? दर राखीला माझ्याकडे पोटभर जेवून जायचास. घास अडकला नाही कधी?

मी मधुराला खरं काय ते सांगितलं. तिनं पाना खाली ठेवला. "पप्पा असं करणार नाय, आत्या," एवढंच म्हणाली. मी वाद घातला नाही. दोघींनी मिळून फ्रेम बसवली. चांगली बसली.

निघताना तिनं माझ्याकडे न बघताच विचारलं, "पुढच्या वेळी येशील ना?"

जाईन. बोलावेल तेव्हा जाईन, आणि मला येतं ते सगळं तिला शिकवीन. तिनं मला खोटी मानलं तरी शिकवीन. एवढं वचन देते तुला. माफीचं मागू नकोस.

तुझी बहीण,
शकू