सात आळी

शहादा,
रविवार, ता. २२ मे १९३८

प्रिय धनसिंग,

तुझी तीन पत्रे माझ्या मेजाच्या खणात पडून आहेत. संक्रांतीनंतर मी तुला एक कार्ड टाकले, तेही चार ओळींचे, हवापाण्याचे. एवढे महिने गप्प बसलो याबद्दल क्षमा माग म्हणशील तर मागतो. परीक्षेचे पेपर होते, उन्हाळा कडक आहे, माझे डोके दुखते, असे काही लिहिता आले असते. पण यातले एकही कारण खरे नाही. मी रागावलो होतो आणि अजून रागावलेलो आहे.

परवा तुझे तिसरे पत्र आले. जूनच्या पहिल्या आठवड्यात रजा काढून येतोस, घरामागच्या परसात सगळीकडे फरशी बसवून टाकू, चिखल कायमचा जाईल, तिथे यंदा काही लावलेले नाही असे सुंदरबाईने कळवले आहे, असे तू लिहितोस. वहिनींना धुराड्याचा आराम वाटत असेल, असेही लिहितोस. आणि शेवटी, उन्हाळा संपत आला तरी ज्वारीच्या बिबड्यांचा डबा पुण्यास पोचला नाही, वहिनी विसरल्या काय? तुझी वहिनी, जसोदा, काहीही विसरलेली नाही, धनसिंग. या घरात विसरण्याचे काम आपण दोघे भाऊ करतो.

मागच्या दिवाळीतली गोष्ट. भाद्रपदात माय गेली, आणि दिवाळीच्या सुटीत तू आलास तो हातांना चैन नसल्यासारखा. मायच्या शेवटच्या दोन महिन्यांतला खोकला तुझ्या डोक्यातून जात नव्हता हे मला दिसत होते. धुराने तिची छाती गेली, असे तू जेवताना तीनदा म्हणालास. भाऊबीजेला जसोदा लोणखेड्याला माहेरी गेली, तिच्या वडिलांचे दुखणे लांबले म्हणून तिथेच पंधरा दिवस राहिली, आणि तेवढ्यात तू चुलीवर धुराडे बांधलेस. विटा तूच रचल्यास, पत्रा तूच कापलास. काम चांगले होते, मी तसे बोललोही. मग तू म्हणालास, धुराडे नवे आणि मागची भीत काळी, हे शोभत नाही. आणि ती भीत तू खरवडलीस.

ती भीत कोणती, हे मी तुला सांगावे लागावे याचाच मला संताप येतो. तू, मी, सुंदरबाई, तिघेही त्या भिंतीकडे तोंड करून जेवलो आणि वाढलो. दर वर्षी परसातल्या वेलांवर माय एकेक फळ राखायची, त्याला जुन्या लुगड्याची चिंधी बांधायची, म्हणजे ते कोणी तोडू नये. गिलक्याला, डांगराला, दुधीला. गिलके वेलावरच वाळून खडखडू लागले की कानाशी हलवून बघायची. मग ताज्या शेणात थोडी राख, त्यात ते बी, आणि तळहाताएवढी थापटी चुलीमागच्या भिंतीवर. धूर लागतो म्हणून किडा लागत नाही. वैशाखात आखाजीच्या सणाला त्या थापट्या फोडायच्या आणि परसातल्या सात आळ्यांत बी टोचायचे. तू याला गोवऱ्या समजलास! गोवऱ्या घरात, चुलीच्या डोक्यावर, कोण थापतो? ओव्हरसीयर झालास, भिंतीची जाडी नजरेने सांगतोस, आणि भिंतीवर काय आहे ते तुला दिसले नाही?

दोन ओळी होत्या. खालच्या ओळीतल्या थापट्या जसोदाने केलेल्या. माय गेली तेव्हा तिचे वेल उभेच होते. सुतकात कोणाचे लक्ष नव्हते, पण जसोदाने राखलेल्या फळांच्या चिंध्या सुटू दिल्या नाहीत, आणि आश्विनात बी काढून थापले. वरची ओळ आदल्या सालची, मायच्या हातची. एक साल मागचे बी ती नेहमी राखून ठेवायची. "एखादं साल दगा देस, मांगलं बी ऱ्हाऊ दे," असे म्हणायची. त्या वरच्या थापट्यांवर तिची पाच बोटे उमटलेली होती. मायचा फोटो आपण कधी काढला नाही. तू थापीच्या कडेने ती बोटे खरवडून काढलीस, टोपलीत भरलीस, आणि टोपली न्हाणीच्या चुलीत रिकामी केलीस. दुसऱ्या दिवशी सकाळी त्यावर तुझ्या आंघोळीचे पाणी तापले.

चुना घेऊन अजीज मिस्त्री आला होता, आठवते? त्याने दारातूनच भीत पाहिली, घमेले खाली ठेवले आणि म्हणाला, "चूल्हा तो बाई का है, मास्टरसाब. लोनखेडे आदमी भेजके पूछ लो एक बार." तू हसलास. "चुना लावायला बाईची परवानगी कशाला, अजीजभाई? आल्यावर खूशच होतील," असे तू म्हणालास. लोणखेडे आपल्या घरापासून किती लांब आहे? पान खाऊन होईपर्यंत बैलगाडी पोचते. ज्या माणसाचा त्या बियाण्याशी काही संबंध नव्हता, त्याला विचारावेसे वाटले. तुला वाटले नाही.

तू पुण्याला गेलास आणि चौथ्या दिवशी जसोदा परत आली. डोक्यावरचा पदर सावरत ती स्वयंपाकघरात गेली आणि तिथूनच तिने विचारले, "मन्ही भीत कोठे गयी?" भीत तिच्या समोर होती, पांढरी स्वच्छ. मी दारात उभा होतो. ती माझ्याजवळून गेली, न्हाणीत जाऊन चुलीतली राख काडीने उकरू लागली. बराच वेळ उकरत होती. मग राखेने भरलेले हात तसेच घेऊन समोर आली आणि म्हणाली, "कोनी करं हाई?" मी तुझे नाव सांगितले.

त्या दिवसापासून तुझ्या धुराड्याखाली चूल पेटलेली नाही. तिने मागच्या पडवीत तीन दगड मांडले आहेत आणि या मे महिन्याच्या झळांत ती तिथे भाकरी थापते. धुराड्यात चिमणीने घर केले आहे. मी एकदा तिला म्हणालो की आत सावली आहे, धूर नाही, आतच कर. तेव्हा ती म्हणाली, "भाऊजीस्ले सांगा, चुलाले धुराडं करं, आते धुराडामाच गिलकं लावा म्हना." हे ऐकून मला हसू आले आणि तिला आले नाही. खरे पाहिले तर तिचे म्हणणे बरोबर आहे. उद्या दुसरीकडून बी आणून त्या भिंतीवर थापले तरी आता धूर तिथे जाणार नाही. तू बी जाळलेस, आणि पुढचे बी राखण्याची जागाही मोडलीस.

यंदा आखाजीला सुंदरबाई आली. सासरहून येताना दर वर्षीप्रमाणे रिकामी पिशवी घेऊन आली. तुला ठाऊक आहे, मायने तिला बी कसे राखायचे ते कधी शिकवले नाही. मुद्दाम. बी सरले की लेक आखाजीला येईल, असा तिचा हिशोब. सुंदरबाई तिकडे सगळी गिलकी कोवळी तोडून खाते, एक फळ राखत नाही, कारण तिला कधी गरजच पडली नाही. "वहिनी, मायन्या गिलकास्नं बी देजो माले," असे ती हसत म्हणाली. जसोदा म्हणाली, "यंदा बी नही शे, बाई." सुंदरबाईला वाटले, मुद्दाम देत नाही. तिचा चेहराच उतरला. "माय गयी तं मन्हं माहेरच सरनं का वं?" एवढे बोलून ती आखाजीच्या झोक्यावरून उतरली, आणि दुसऱ्या दिवशी सकाळीच गाडी जुंपायला सांगितली. जसोदाने तिला खण दिला, तिने घेतला, पण डोळे वर केले नाहीत.

आता हे नीट वाच. जसोदाने तुझे नाव सांगितले नाही. एका वाक्यात सांगता आले असते की तुझ्या धाकट्या भावाने जाळले. नणंदेचा राग तिने स्वतःवर घेतला, तुझ्यावर येऊ दिला नाही. आणि सुंदरबाई गेल्यावर, त्याच संध्याकाळी, तिने परसात सातही आळी खणली. मायचे माप होते तशी, दोन हातांवर एक. शेणखत घातले. मोरीचे पाणी पाट काढून त्यांत सोडले. बी नाही. गेले तीन आठवडे ती रोज दिवस कलताना त्या रिकाम्या आळ्यांना पाणी घालते. मी आता लिहीत बसलो आहे आणि तांब्याचा आवाज मला इथे ऐकू येतो. त्यांच्यावर तुला फरशी बसवायची आहे!

इथपर्यंत लिहून मी थांबलो आणि रोजनिशी काढली. तुला माझी चेष्टा करायला आवडते की दादा शिंकले तरी टिपून ठेवतात. दिवाळीच्या सुटीतल्या त्या दिवसाखाली माझ्याच अक्षरात असे आहे: "धनसिंगने विचारले, भिंतीवरची शेणे काढू का. होय म्हणालो. दुपारी चुना. काम नेटके." मी ओसरीवर हीच वही मांडीवर घेऊन बसलो होतो. तू आत जाता जाता विचारलेस, "दादा, काढू ना?" आणि मी मान वर न करता "काढ" म्हणालो. अजीजनेही तुला विचारले नव्हते. तो "मास्टरसाब" म्हणाला. तुला कोण मास्तर म्हणते? त्याने मला विचारले होते. तू हसून उत्तर दिलेस आणि मी तुझे हसणे पुरेसे मानले. आणि त्या थापट्यांत बी आहे हे तू कदाचित विसरला असशील, वीस वर्षे बाहेर आहेस. मी विसरलो नव्हतो. आश्विनात जसोदा शेण कालवत होती तेव्हा मी शेजारी बसून सुपारी कातरत होतो. मला ठाऊक होते, आणि त्या क्षणी ते मनात आले नाही. यात कोणते अधिक वाईट, ते मी सात महिने ठरवतो आहे.

जसोदाने विचारले तेव्हा मी तुझे नाव सांगितले, ते खोटे नव्हते. खरवडले तूच. मी शाळेत मुलांना अर्धे खरे सांगण्याबद्दल बाकावर उभे करतो. हे अर्धे खरे मी माझ्या घरात सात महिने चालवले. ती तुझ्यावर रागावून राहिली, सुंदरबाई तिच्यावर रागावून गेली, आणि मी दोघींच्या मध्ये शहाण्यासारखा बसून राहिलो. मागच्या कार्डात "वहिनीचे आशीर्वाद" असे लिहिले, तेही तिला न विचारता. तिला अक्षरओळख नाही. मी इतक्या मुलांना शिकवले आणि तिला नाही, म्हणून माझ्या कार्डात काय असते ते तिला मी सांगेन तेवढेच कळते. या पत्रात तिचे आशीर्वाद नाहीत.

याचा अर्थ मी तुला सोडले असा घेऊ नकोस. होय मी म्हणालो, पण थापी तुझ्या हातात होती. मायची बोटे तुझ्या डोळ्यांसमोर एक वीत होती. तू एकदा थांबला असतास तर मीही मान वर केली असती. तू मायसाठी धुराडे बांधलेस हे मला कळते, आणि कळूनही राग जात नाही. तुझ्यावरचा जात नाही आणि माझ्यावरचाही जात नाही.

आता हे पत्र लिहिण्याचे खरे कारण. दोन वर्षांपूर्वी तू भिकुबाईला घेऊन पुण्याला बिऱ्हाड करायला निघालास, तेव्हा मायने तुझ्या ट्रंकेत एक चिंधीची पुरचुंडी कोंबली होती. तू म्हणालास, माय, पुण्याला दोन खोल्या आहेत, लावू कुठे? ती म्हणाली, "पुनामा माटी नही ऱ्हास का?" आणि पुरचुंडी तशीच दाबून बसवली. त्यात गिलक्याचे बी होते. भिकुबाई काही टाकून देत नाही हे मला माहीत आहे. ट्रंकेच्या तळाशी, कागदाखाली, जुन्या कपड्यांच्या घडीत, सगळीकडे बघा. किडलेले असेल तरी पाठव. निम्मे उगवले तरी चालेल, एक उगवले तरी चालेल. रजिस्टर करून पाठव, म्हणजे मृगाच्या आत इथे पोचेल. हे मी दिवाळीनंतरच्या आठवड्यातच मागायला हवे होते. मागितले असते तर तू विचारले असतेस, का, दादा? आणि मी बी जळाल्याचे सांगताच तू म्हणाला असतास की होय तुम्हीच म्हटले होते. एवढ्यासाठी मी तिची आखाजी रिकामी जाऊ दिली. रजा काढून ये, पण फरशी आणू नकोस. आलास तर चुना खरवडायला आणि ती भीत पुन्हा मातीने सारवायला ये, आणि काय कुठे करायचे ते आधी तिला विचार. जसोदाला अजून काही माहीत नाही. पाकीट मी अजून चिकटवलेले नाही.

तुझाच,
दादा

रोजनिशी, ता. २२ मे. उद्या: डाक निघण्याआधी हे पत्र जसोदाला पहिल्या ओळीपासून वाचून दाखवणे.