दिव्यामागचा पत्रा

आदरणीय विहीणबाईंना मुलाच्या आईचा नमस्कार.

तुमचा गुडघा आता जिना चढू देतो का, ते आधी कळवा. इकडे देवाच्या कृपेने सगळे बरे आहोत. ह्यांचा खोकला त्यांना सोडून बाकी सगळ्यांना त्रास देतो. तुमची लेक तब्येतीने ठीक आहे. तब्येतीने म्हणते, कारण मनाने नाही, आणि त्यासाठीच हा कागद (पाठकोरा आहे, पुढची बाजू वाचू नये, ते विजेचं बिल आहे).

तुम्ही गेल्या महिन्यात आलात तेव्हाची गोष्ट. सूनबाई कामावर टंगस्टनला तांबं जोडते, हे तुम्हाला ठाऊकच आहे. मी मॅट्रिक असले तरी तिने मला नीट समजावलंय. सूर्यात असते तसली आग माणसं इथे खाली पेटवायला निघालीत. तिच्यासमोर टंगस्टन उभं करायचं, कारण ते सहजासहजी वितळायला राजी नसतं, आणि त्याच्या पाठीला तांबं, कारण ते उष्णता मागच्या पाण्याला देऊन मोकळं होतं. पण तापलं की तांबं फुगतं आणि टंगस्टन आपलं ढिम्म. दोघं एकमेकांना ओढून फाडतात. म्हणून मधे निकेलचा पातळ पत्रा घालायचा आणि हवा काढून घेतलेल्या भट्टीत तिन्ही दाबून तापवायचे. दोन्हीकडची ओढाताण तो पत्रा सोसतो. (हे ऐकताना मी आमच्या चिरंजिवांकडे बघितलं. ते निवांत जेवत होते.)

तर ती भट्टी दुसऱ्या गावच्या संस्थेत. सकाळी घरूनच परस्पर जायचं म्हणून सूनबाईने तो पत्रा दोन दिवस आधी आणून टेबलावर ठेवला, साध्या पांढऱ्या पाकिटात. आता विहीणबाई, माझ्या घरात पुडक्याचा दोरासुद्धा कुणी टाकत नाही. देवापुढच्या दिव्याने मागची भिंत काळी होत होती, आणि पाकिटात चॉकलेटच्या चांदीसारखं काहीतरी चकाकत होतं. मला वाटलं, उरलेलं असेल. दिव्यामागे लावला तर असा बेतल्यासारखा बसला की देवाचीच योजना म्हणावी! दुसऱ्या दिवशी जेवताना सूनबाई म्हणाली, "एकच पत्रा आहे हं तो, बोटसुद्धा लागू द्यायचं नाही त्याला." मी तिला न मागताच आणखी भात वाढला. ताटं उचलल्यावर मी तो हळूच काढला, काजळी धरली होती, म्हणून भांड्यांच्या पावडरीने लख्ख घासला, पुसला आणि पाकिटात ठेवून दिला. (इतका स्वच्छ तो कारखान्यातून निघतानाही नसेल.)

जोड चाचणीत उकलला. आता दोन तुकडे टेबलावर पडलेत आणि ती आळीपाळीने त्यांच्याकडे बघत बसते. "माझी पद्धतच चुकली," म्हणते. तीन वर्षांचं काम हो! येत्या सोमवारी ती साहेबांना सांगणार आहे की हा नाद सोडून देऊ. पद्धत चुकलेली नाही हे फक्त मला आणि देवाला ठाऊक, आणि तो काही बोलत नाही. मी रोज सांगून टाकायचं ठरवून तिच्यासमोर जाते आणि "चहा टाकू का गं?" विचारून परत येते. दिवसाला सात चहा व्हायला लागलेत.

बाकी ठीक. व्याह्यांना नमस्कार सांगावा.

आपली,
विहीण

ता. क. एक विनंती राहिलीच. त्या दोन दिवसांत तुम्ही इथेच होता, आणि भांडी घासायला उभ्याही राहिला होता. मीच हाताला धरून बाजूला केलं. नसतं केलं तर तो पत्रा तुमच्याच हातून घासला गेला असता, इतकंच माझं म्हणणं. सोमवारच्या आत तिला तसं कळवाल का? मुली आईवर फार दिवस रागावत नाहीत. खोटं लिहा असं मी मुळीच म्हणत नाही. "झालं असेल बाई माझ्याकडून," एवढंच लिहा.

दुसरा ता. क. पाकीट चिकटवलेलं नाही, डिंक उगाच वाया जातो. सूनबाई कामावर जाता जाता पेटीत टाकेल.

तिसरा ता. क. आई, हे अक्षर माझं. जोडात भांड्यांच्या पावडरीचे कण गेल्या आठवड्यातच सापडले, आणि आमच्या प्रयोगशाळेत भांडी कुणी घासत नाही. नवा पत्रा घालून केलेला जोड काल टिकला. सोमवारी साहेबांना तेच सांगणार आहे. आठवडाभर तोंड पाडून बसले ते मुद्दाम, सासूबाई स्वतःहून बोलतील म्हणून. रोज सातही चहा प्यायले. आज संध्याकाळी मीच सांगून टाकते, आठवा सोसणार नाही. तू मात्र "झालं असेल बाई माझ्याकडून" असं लिहून पाठवच. मला ते त्यांच्यासमोर मोठ्याने वाचायचं आहे.