आगाऊ माफी मागितलेला आवाज

आदरणीय मोरिहिकोदादांस,

धाकटा मेव्हणा तोकुजी इसोगाई याचा वाकून नमस्कार. इकडे हमामात्सूत संत्री पिवळी पडू लागली आहेत आणि सकाळी अंगणात उभं राहिलं की कानशिलं गार पडतात. तिकडे होक्काइडोत एव्हाना पहिला बर्फ पडून गेला असेल. तुमची कंबर कशी आहे? वहिनींचा खोकला? तुम्ही पाठवलेला खारवलेला मासा पोचला. फार चविष्ट होता, असं फुसाए म्हणाली. (मला शेपटाकडचा तुकडा मिळाला. का, ते पुढे येईलच.) आम्ही दोघं तब्येतीने ठीक आहोत. माझा डावा हात गळ्यात आहे, तेवढं सोडलं तर.

दादा, तुमची बहीण फुसाए तुम्हाला सगळं सांगेलच, पण माझी बाजू तुमच्यापर्यंत आधी पोचावी म्हणून एका हाताने लिहितो आहे. मी अडतीस वर्षं क्लचच्या स्प्रिंगा केल्या, हे तुम्हाला ठाऊक आहे. देशोदेशी धावणाऱ्या कितीतरी मोटारसायकलींत माझी स्प्रिंग असेल. पण अख्खी मोटारसायकल मी कधी जोडली नाही, कारण ते दुसऱ्या खात्याचं काम. निवृत्त झालो आणि घरी बसलो. पहिल्या आठवड्यात फुसाए विचारायची, “आज कुठे जायचंय का?” दुसऱ्या आठवड्यात विचारायला लागली, “आज कुठेच जायचं नाही का?” केर काढताना ती मला पाय वर घ्यायला सांगायची आणि मी घ्यायचो. दादा, दिवसभरात तेवढंच माझं काम होतं. मग मी अंगणातल्या शेडमध्ये जाऊन बसायला लागलो, आणि तिथे एक दिवस ठरवलं की मोटारसायकलचं इंजिन लावून शर्यतीचं बुटकं चारचाकी कार्ट बांधायचं आणि नोव्हेंबरात डोंगरापलीकडच्या ट्रॅकवर साठीपुढच्यांची शर्यत असते तिच्यात उतरायचं. जन्मात एकदा तरी सगळी खाती आपल्याच हातात असावीत, एवढीच इच्छा होती.

फुसाएने अट घातली. ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारपर्यंत कार्ट स्वतःच्या इंजिनावर धावलं तर शेड कायमची माझी. नाही धावलं तर शेड पाडायची, तिथे तिचे मुळे लावायचे, आणि मी गेटबॉलच्या मंडळात नाव घालायचं. (ते मंडळ तुम्ही पाहिलं आहे. लाकडी हातोडे घेतलेले अठरा म्हातारे एका चेंडूभोवती उभे असतात आणि कोणाची पाळी ते कोणालाच आठवत नाही.) मी अट मान्य केली आणि रीतीप्रमाणे आम्ही दोघं गल्लीतल्या बाराही घरी मिठाईचे डबे घेऊन गेलो. दर रविवारी दहा ते बारा इंजिनाचा फार आवाज होईल, त्याबद्दल आधीच माफी असावी, असं प्रत्येक दारात कमरेत वाकून सांगितलं.

इथेच घात झाला. एप्रिल गेला, मे गेला, पावसाळा गेला. आवाज काही होईना. सांगाडा वाकडा, वेल्डिंग सुटलेलं, साखळी सैल. लोक मिठाई खाऊन बसलेले आणि त्रास मात्र शून्य. आपल्याकडची माणसं तुम्ही जाणता, फुकटचं काही पचत नाही त्यांना. रस्त्यात भेटले की ओशाळून विचारायचे, “इसोगाई, या रविवारी तरी?” फुसाए तर बाजारात जायला लाजू लागली. “अहो, मिठाई जिरून चार महिने झाले लोकांची. काय सांगू मी त्यांना?” असं रोज ऐकवायची. शेवटी ऑगस्टमध्ये ते सगळे मदतीलाच आले.

मदत म्हणजे काय, तर आमच्या गल्लीत जो तो कुठल्या ना कुठल्या मोटारसायकल कारखान्यातून निवृत्त झालेला. साखळीवाल्याने साखळी घेतली, ब्रेकवाल्याने ब्रेक, कार्ब्युरेटरवाल्याने कार्ब्युरेटर. जो तो केसाच्या जाडीच्याही आतला हिशेब करणारा. दुसऱ्याच्या भागाकडे मान वळवून पाहणं असभ्यपणाचं, म्हणून कोणी पाहिलं नाही. आणि सगळ्यांवर कुझेसाहेब. त्यांनी एकतीस वर्षं तपासणी खात्यात फक्त नापास करण्याचं काम केलं. खिशात लाल खडू. माझं वेल्डिंग त्यांनी तीनदा नापास केलं. “इसोगाई, हे हाताने केलंत की पायाने?” एवढंच विचारलं आणि फुली मारली. तिसऱ्या वेळी मला रडू आलं, दादा. पण चौथ्यांदा त्यांनी घरून शिक्का आणून उमटवला. अडतीस वर्षांत मिळाला नव्हता तेवढा आनंद मला त्या शिक्क्याने झाला.

शेवटचा रविवार उजाडला. बारा घरची माणसं थर्मास घेऊन कुंपणाला लागून उभी. शेड माझ्या पाठीशी, कार्टचं तोंड रस्त्याकडे. लाथ मारली आणि इंजिन असं गरजलं की कोपऱ्यावरच्या आजी डोळे मिटून म्हणाल्या, “आला बाई एकदाचा.” सगळ्यांच्या चेहऱ्यावर ऋण फिटल्याचं समाधान पसरलं. मी पहिला गिअर टाकला आणि क्लच सोडला. (क्लच लोण्यासारखा सुटला. ते माझं खातं.) कार्ट मागे गेलं.

झालं होतं असं, की इंजिन माझ्या पाठीमागे होतं आणि त्याच्या धुराड्याचं तोंड नेमकं माझ्या पाठीवर येत होतं. म्हणून मी ते अख्खं इंजिन फिरवून बसवलं. त्याबरोबर चाकंही उलटी फिरणार, हे साखळीवाल्याच्या साखळीत, ब्रेकवाल्याच्या ब्रेकमध्ये, कुझेसाहेबांच्या शिक्क्यात कुठेच नव्हतं. ब्रेक उत्कृष्ट होते. पण मागे ओढल्या जाणाऱ्या माणसाचा पाय ब्रेकवर जात नाही, समोर जे सापडेल ते दाबतो. मी वेगाचं पेडल दाबलं. पुढच्या क्षणी शेड माझ्या डोक्यावर होती.

पत्रे बाजूला करून मला काढलं तेव्हा कुझेसाहेबांनी चष्मा पुसला आणि विचारलं, “दिशा कुणाच्या खात्यात होती?” फुसाएने आधी माझी हाडं चाचपली, मग ढिगाकडे पाहिलं आणि म्हणाली, “कार्ट धावलं. शब्द म्हणजे शब्द. शेड तुमची.” आणि आत गेली. दुसऱ्या दिवशी बाराही घरची मंडळी मिठाईचे डबे घेऊन माफी मागायला आली. ते डबे तसेच पडून आहेत. मला गोड जात नाही.

तर दादा, संपलं सगळं. शर्यत गेली, शेड गेली, आणि मी पुन्हा पाय वर घेऊन बसलो आहे. खूप वाईट वाटतं. बुधवारपासून गेटबॉलला जाणार आहे. एका हाताने हातोडा धरता येतो म्हणतात. वहिनींना नमस्कार. कळावे, लोभ असावा.

तुमचा,
तोकुजी

ता. क. इंजिन कुठून आणलं ते लिहायचं राहिलं. एकोणीस वर्षांपूर्वी उत्तरेला जाताना “जपून ठेव” म्हणून तुम्ही जी मोटारसायकल माझ्याकडे सोपवलीत, तिची चाकं, दिवा, सीट सगळं जपून ठेवलं आहे. ती आता संत्र्याच्या झाडाखाली ताडपत्रीत आहे. ताडपत्री मध्ये खचू नये म्हणून आत संत्र्यांची दोन खोकी ठेवली आहेत. फुसाएला यातलं काही ठाऊक नाही.

आणखी एक. नववर्षाला तुम्ही मोटारसायकल पाहायला येणार असल्याचं, आणि ती उघड्यावर ठेवलेली तुम्हाला मुळीच खपणार नसल्याचं एक पत्र फुसाएच्या नावे लिहा. जरा रागावूनच लिहा. थोरल्या भावाचा शब्द ती मोडत नाही. शेड आठवड्यात उभी राहील. मला तिच्याकडे मागायला तोंड नाही. अडतीस वर्षं मी घरी केवळ झोपायला आलो, आणि आता कुठल्या तोंडाने म्हणू की मला बसायला जागा दे? लाकूड कुझेसाहेब देणार आहेत. इंजिन आम्ही कालच सुलट बसवलं.