श्वासाआधीचा शब्द

४ सप्टेंबर
पोचले एकदाची. दोन बॅगा, थोडी सर्दी आणि अख्खा ऑपेरा तोंडपाठ. खोली नाट्यगृहामागच्या गल्लीत, चौथ्या मजल्यावर. खिडकीतून समोरच्या दंतवैद्याची खुर्ची दिसते. हे फोनवर म्हणाले, तुझा 'आ' बघून तो खूश होईल. ढमी मागे खिदळत होती. पाच वर्षांच्या पोरीला आई म्हणजे फोनमध्ये राहणारी बाईच वाटत असणार. पण या वेळी पहिल्या प्रयोगाला दोघं येणार आहेत.

७ सप्टेंबर
इथे अजून प्रॉम्प्टर ठेवतात. रंगमंचाच्या कडेला एक खोकं, त्यात एक वयस्कर बाई बसतात आणि गाणाऱ्याने श्वास घेण्याआधी ओळीचे पहिले शब्द पुटपुटतात. परकी भाषा, तीन तासांचं गाणं, त्यात हा आधार. तालमीत त्यांचा शब्द न् शब्द वेळेवर आला, अगदी कानाशी. जीव भांड्यात पडला.

१२ सप्टेंबर
बेकरीत गंमत झाली. काय देऊ असं पोराने विचारलं, आणि मी तोंड उघडण्याआधीच माझं उत्तर मला ऐकू आलं. त्याच पुटपुटत्या आवाजात. मग मी तेच बोलले.
थकवा असणार.

१५ सप्टेंबर
ह्यांच्याशी बोलताना प्रत्येक वाक्याआधी तेच. तेही आमच्या घरच्या भाषेत. बाईंना ती कुठून येणार? एका जागी बसवत नाही. खोलीत नुसत्या येरझाऱ्या.

१८ सप्टेंबर
बाई पाय मुरगळून घरी आहेत. तालमीआधी वाकून पाहिलं, खोकं रिकामं. तरी शब्द आले.
दुपारी त्यांच्या घरी गेले. त्या म्हणाल्या, "तुम्हाला मी एकदाही शब्द दिला नाही. तुमचं पाठांतर चोख. मी नुसती पानं उलटत होते." मग माझ्याकडे निरखून पाहत विचारलं, काही होतंय का?
सगळं सांगणार होते. कानाशी आलं: काही नाही, सहज आले होते.
तेच बोलले.

२१ सप्टेंबर
ठरवलं, ह्यांना सांगायचं: येऊ नका, मीच निघते. फोन लावला. कानाशी आलं: दोघं लवकर या. ओठ घट्ट मिटले. तर श्वासच आत जाईना. डोळ्यांपुढे अंधारी — बोलले.
हे खूश. उद्याचंच विमान बघतो म्हणाले.

२२ सप्टेंबर
लिहिताना आवाज येत नाही. हे आधी का सुचलं नाही — मेसेज पाठवला: येऊ नका. उत्तर नाही. विमानात बसले असतील.

२३ सप्टेंबर
आले. मेसेज उतरल्यावर वाचला म्हणे. ह्यांना वाटलं, पहिल्या प्रयोगाची धास्ती. आता लिहून होताच ही वहीच त्यांच्या हातात —
ढमी मांडीवर. भूक लागली का विचारलं. एरवी प्रश्न संपायच्या आत उत्तर. आता गप्प. मान तिरकी करून — थांबली. मग म्हणाली, नाही. का थांबलीस विचारलं तर म्हणते, ती आधी सांगते ना.
हे हसताहेत. वही देते — त्यांनी वाचलं की — लगेच निघू, तिघंही —
नाही.
काही नाही. सगळं छान आहे. दोघं आले, फार बरं वाटलं. ढमी आता इथेच