ढिगावर फिनाईल

९ नोव्हेंबर, रविवार
सगळ्यात आधी आली ती शेजारची सोजराबाई. पाहुणे अकराले येणार, ही आठलेच हजर! कोणती साडी, किती पोहे — सारं विचारून झालं. माह्या नातीले, पायलले, पाहाले डोणगावचे लोक येत होते. मग नाक वर करून म्हणे, "जनकाबाई, दवाखान्यासारखा वास कायचा वं?"

मागं जाऊन पाह्यलं अन् डोकंच फिरलं! देवानंदनं, माह्याच पोरानं, निंबाखालच्या ढिगावर अख्खी बाटली फिनाईल ओतलं होतं. पाहुण्यायले घाण दिसंन म्हणे. घाण? पावसात झाडाखालची माती वास देते, तसा वास होता त्याले.

मागच्या साली आमचे वांगे मर रोगानं गेले. सकाळी झाड टवटवीत, दोन रोजानं मान खाली, उपटलं तर मूळ सडकं. औषधं ओतून थकलो. म्हणून पायलनं मोताळ्याहून मित्रबुरशी आणली. ही बुरशी मातीतल्या मर रोगाच्या बुरशीले खाते. तिनं ती कुजक्या शेणखतात कालवली, वर ओलं पोतं झाकलं. पाणी शिंपडाचं काम माह्यं. हिरवी साय धरली होती — पाळण्यातलं लेकरू पाहावं तशी मी पोतं उचलून पाहे! बुधवारी रोपाच्या बुडाशी टाकाचं होतं. आता काय टाकू, फिनाईल?

तोच दिवस, संध्याकाळ
पाहाले येणारा पोरगा आलाच नाही. त्याची माय कलाबाई अन् मामा आले. मामानं पायलले चालून दाखवाले लावलं. बाजारातली गाय हाय का ते? मी दात दाबून बसली.

कलाबाई मागं हात धुवाले गेली. ढीग पाहून विचारते, हे काय? देवानंद म्हणे, कचरा. मंग मले राहवलं नाही. "कचरा नोहे. पायलनं वांग्यासाठी केलं होतं. तुमी येणार म्हून यानं फिनाईल ओतून मारलं."

सून दीपमालानं मले कोपर मारलं. कलाबाई मात्र खाली बसून पोतं उचलून पाहत राह्यली. जाताना 'कळवतो', येवढंच.

देवानंद म्हणते, तुह्या तोंडानं सोयरीक मोडली. माह्या तोंडानं! त्याच्याशी बोलत नाही मी.

१० नोव्हेंबर
बोलत नाही. पायल म्हणते, लिहिलं की राग उतरते. कुठी उतरते?

१२ नोव्हेंबर, बुधवार
पायल रडली नाही. वरचा थर खरडून फेकला. बुडाशी फिनाईल पोचलं नव्हतं — टोपलंभर खत हिरवंगार निघालं! तेच इरजणासारखं नव्या खतात कालवलं, गुळाचं पाणी देलं. लागवड पुढं ढकलली. ते नवं खत देवानंदच आणून टाकून गेला, गुपचूप. मी पाह्यलंच नाही असं केलं.

१४ नोव्हेंबर, शुक्रवार
कलाबाईचा फोन. मलेच द्या म्हणे. त्यायचे टमाटे मर रोगानं जाऊन राह्यले, तिथंच अडकला म्हून पोरगा आला नव्हता. म्हणे, "भावानं पोरीले चालवलं, मले बी नाही आवडलं. आता पोराले, अश्वजितले, आणतो. पायलनं त्याले पाहावं."

पायल हसली. "आजी, ढीग पलटवाले लावू त्याले. पाहू, फावडं धरता येते का."

रविवारी येतात.